घुमाऱ्यापूर्वीचे सर्फ संगीत : 'बेलएअर्स' हा बँड आणि त्याचे दोन गिटारवादक

प्रस्तावना

लोकप्रिय संगीताच्या इतिहासात एखाद्या प्रकाराचा आरंभ कोठून मोजावा, हा प्रश्न वरकरणी साधा वाटतो. एखादी तबकडी पहिली ठरवावी, तिचे वर्ष नोंदवावे आणि तेथून पुढचा वृत्तांत सांगावा, अशी रूढ पद्धत आहे. परंतु जी लक्षणे पाहून आज आपण तो प्रकार ओळखतो, ती आरंभीच्या काळात होतीच असे गृहीत धरल्यास आरंभच दृष्टीआड होतो. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १९६० च्या सुमारास उदयास आलेल्या वाद्यप्रधान सर्फ संगीताच्या बाबतीत असेच घडलेले दिसते. स्प्रिंग रिव्हर्ब या उपकरणाने निर्माण होणारा गिटारचा ओलसर, दीर्घ घुमारा हे या संगीताचे ओळखचिन्ह मानले जाते. या प्रकारातील अगदी आरंभीच्या दोन महत्त्वाच्या तबकड्यांत मात्र तो घुमारा आढळत नाही. त्यांपैकी एक तबकडी 'बेलएअर्स' या शाळकरी वयाच्या मुलांच्या बँडची होती आणि पुढे हा बँड या घुमाऱ्याच्याच प्रश्नावरून फुटला.

प्रस्तुत लेखात या अल्पपरिचित बँडचा व त्याचे दोन गिटारवादक पॉल जॉन्सन आणि एडी बर्ट्रंड यांच्या कार्याचा मागोवा घेतला आहे. उपकरणाला संगीतप्रकाराचे लक्षण मानल्याने इतिहासलेखनात कोणती उणीव राहते, याचा विचार त्या अनुषंगाने केला आहे.

पार्श्वभूमी

लॉस एंजेलिस शहराच्या नैर्ऋत्येस असलेल्या किनारपट्टीला 'साउथ बे' असे म्हणतात. मॅनहॅटन बीच, हर्मोसा बीच, रिडॉन्डो बीच, टॉरन्स आणि पॅलोस व्हर्डीस ही गावे या भागात येतात. फळीवर उभे राहून समुद्राच्या लाटेवरून सरकत येण्याचा सर्फिंग हा खेळ मूळचा हवाई बेटांचा. जॉर्ज फ्रीथ या हवाईहून आलेल्या जलतरणपटूने १९०७ पासून या किनाऱ्यावर त्याची प्रात्यक्षिके दाखविली. रिडॉन्डो बीच येथे जमीन व रेल्वेचा व्यवसाय असलेल्या हेन्री हंटिंग्टन यांनी पर्यटकांना आकृष्ट करण्यासाठी ही प्रात्यक्षिके योजली होती. तरीही पुढील अर्धशतक हा खेळ मूठभर लोकांपुरताच मर्यादित राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. विमाननिर्मिती व तत्संबंधी उद्योगांमुळे या भागात मध्यमवर्गीय वसाहती वाढल्या. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात लाकडाऐवजी पॉलियुरेथेन फोमच्या हलक्या फळ्या तयार होऊ लागल्या आणि शाळकरी मुलांनाही त्या पेलता येऊ लागल्या. 'गिजेट' ही कादंबरी १९५७ मध्ये व तिच्यावरील चित्रपट १९५९ मध्ये आल्यानंतर या खेळाला देशव्यापी प्रसिद्धी मिळाली. यातून किनाऱ्यावर तरुणांचा एक वेगळा समूह घडला. त्याची वेशभूषा, बोली आणि दिनक्रम ठरलेला होता; त्याचे असे संगीत मात्र अद्याप नव्हते.

याच सुमारास वाद्यप्रधान रॉक संगीत लोकप्रिय होत होते. लिंक रे यांचे 'रंबल' व ड्वेन एडी यांचे 'रेबेल राउझर' १९५८ मध्ये, न्यू मेक्सिकोतील 'फायरबॉल्स' या बँडचे 'टॉर्की' १९५९ मध्ये, तर 'व्हेंचर्स' यांचे 'वॉक, डोन्ट रन' १९६० मध्ये गाजले. या तबकड्यांत गायक नव्हता आणि मुख्य स्वर विद्युत गिटारचा होता. त्यामुळे गाता न येणाऱ्या, परंतु गिटार विकत घेऊ शकणाऱ्या मुलांनाही बँड काढणे शक्य झाले. घरोघरी तबकडी पुन्हा पुन्हा लावून तिच्यावरून शिकणे, हीच या मुलांची शिकवणी होती.

दोन गिटारांचा संवाद

जॉन्सन आणि बर्ट्रंड यांची ओळख १९५९ च्या सुमारास शाळेच्या बसमध्ये झाली. दोघांनाही गिटारचा नाद होता. ते एकत्र बसून तबकड्या ऐकत व एकमेकांकडून शिकत. लवकरच या जोडीला रिचर्ड डेल्व्ही हे ड्रमवादक, चॅस स्टुअर्ट हे सॅक्सोफोनवादक आणि जिम रॉबर्ट्स हे पियानोवादक मिळाले आणि बेलएअर्स हा बँड उभा राहिला. या पाच जणांत बास गिटार वाजविणारा कोणी नव्हता, ही बाब बँडच्या वादनशैलीच्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

त्या काळच्या प्रचलित रचनेत एक गिटार मुख्य सुरावट वाजवी, दुसरी तिला स्वरसंघांची साथ देई आणि बास गिटार खालचा आधार सांभाळी. बेलएअर्सच्या मूळ रचनेत हा खालचा आधार नसल्यामुळे साथीच्या गिटारवर दुहेरी जबाबदारी आली. तिला ठेकाही धरावा लागे आणि संगीताचा पायाही भक्कम ठेवावा लागे. म्हणून साथीची गिटार येथे केवळ पाठीमागे उभी राहत नाही, तर स्वतःच्या ठसठशीत लयाकृती घेऊन सुरावटीच्या जोडीने चालते. मुख्य गिटार जेथे थांबते तेथे साथीची गिटार पुढे येते. भारतीय श्रोत्याला जुगलबंदीतील सवाल-जवाबाची आठवण व्हावी असे हे नाते आहे. फरक इतकाच, की येथे चढाओढीपेक्षा एकमेकांत गुंतण्यावर भर आहे.

अशा गुंफणीसाठी प्रत्येक आघात स्वच्छ ऐकू येणे आवश्यक असते. एका गिटारचा स्वर रेंगाळत राहिला, तर दुसऱ्या गिटारसाठी मोकळी जागा उरत नाही. बेलएअर्सचा कोरडा, कमी घुमणारा नाद हा उपकरणांच्या अभावाचा परिणाम असेलही. पण त्यांची संपूर्ण रचनापद्धती त्या कोरडेपणावर उभी होती.

'मिस्टर मोटो'

बेलएअर्सने १९६१ मध्ये 'मिस्टर मोटो' ही रचना ध्वनिमुद्रित केली आणि लॉस एंजेलिस येथील आर्व्ही या लहान कंपनीने तिची तबकडी त्याच वर्षी बाजारात आणली. तबकडीच्या दुसऱ्या बाजूस 'लिटल ब्राउन जग' या जुन्या गीताची वाद्यरचना होती. 'मिस्टर मोटो' ची सुरुवात स्पॅनिश फ्लामेंको शैलीची आठवण करून देणाऱ्या गिटारच्या छेडीने होते. नंतर ठेका सुरू होतो आणि कोमल स्वरांच्या छायेतील सुरावट पुढे सरकते. मध्यभागी पियानोला स्वतंत्र वाव मिळतो. आज सर्फ संगीत म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारी वेगवान, गर्जना करणारी गिटार येथे नाही. उलट काहीसा संयमित, उदास आणि तरीही नृत्याला अनुकूल असा हा बाज आहे.

'मिस्टर मोटो' ही तबकडी स्थानिक पातळीवर चांगली गाजली. तिच्या शीर्षकात, सुरावटीत किंवा प्रसिद्धीत समुद्राचा वा लाटांचा उल्लेख नव्हता. 'मिस्टर मोटो' हे जॉन मार्क्वंड यांच्या कथांतील आणि १९३७ ते १९३९ या काळातील चित्रपटमालिकेतील एका जपानी गुप्तहेराचे नाव म्हणून अमेरिकेत आधीपासून परिचित होते. मग हे सर्फ संगीत कसे ठरले, याचे उत्तर तबकडीत शोधून मिळत नाही. ते ती वाजत होती त्या सभागृहात मिळते.

नृत्यसभा आणि श्रोतृवर्ग

बेलएअर्सच्या मुलांनी स्वतःच सभागृह भाड्याने घेऊन, प्रवेशशुल्क आकारून नृत्याचे कार्यक्रम भरविण्यास सुरुवात केली. रिडॉन्डो बीच येथील 'नाइट्स ऑफ कोलंबस' या संस्थेचे सभागृह हे त्यांपैकी एक महत्त्वाचे ठिकाण. पुढे त्याच गावात 'क्लब बेल एअर' या नावाने त्यांचे कार्यक्रम होऊ लागले. येणारा श्रोता प्रामुख्याने दिवसभर किनाऱ्यावर घालविणारा तरुण होता. वाद्यसंगीताच्या ठेक्यावर पाय आपटून करावयाचा 'स्टॉम्प' हा नृत्यप्रकार या सभांमध्ये रूढ झाला. १९६२ मध्ये 'मार्केट्स' या बँडची 'सर्फर्स स्टॉम्प' ही तबकडी देशभर ऐकली गेली, त्यावरून या नृत्याचा प्रसार कळून येतो.

जॉन्सन यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, अशाच एका कार्यक्रमानंतर एका सर्फरने, तुमचे संगीत ऐकताना लाटेवर असल्यासारखे वाटते आणि त्याला सर्फ संगीत म्हणावे, असे सुचविले. अशा आठवणी अनेक वर्षांनी सांगितल्या जात असल्यामुळे त्यांतील तपशील पारखून घ्यावे लागतात. तथापि तिच्यातील मुख्य आशय इतर परिस्थितीशी जुळतो. संगीत आधी तयार होते आणि त्याचे नाव श्रोत्यांच्या अनुभवातून आले, हा तो आशय होय.

याच काळात साउथ बेपासून सुमारे ५० किलोमीटर आग्नेयेस, न्यूपोर्ट बीचमधील बाल्बोआ येथे रॉन्देव्हू बॉलरूम या प्रशस्त नृत्यगृहात डिक डेल (१९३७-२०१९) यांचे कार्यक्रम होत होते. १९६१ च्या उन्हाळ्यापासून तेथे तरुणांची प्रचंड गर्दी लोटू लागली. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात त्यांची 'लेट्स गो ट्रिपिन' ही तबकडी निघाली आणि १९६२ च्या आरंभी 'बिलबोर्ड' च्या राष्ट्रीय यादीत तिने ६० वा क्रमांक गाठला. डेल स्वतः सर्फिंग करीत आणि लाटेची शक्ती गिटारमध्ये आणण्याचा आपला हेतू जाहीरपणे मांडीत. लिओ फेंडर यांच्या कंपनीशी त्यांचा निकटचा संबंध होता. मोठ्या सभागृहात पुरेल असा 'शोमन' हा शक्तिशाली अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्या गरजेतून विकसित झाला.

एकाच वर्षी, एकाच किनाऱ्यावर, दोन ठिकाणी सर्फरांचे संगीत असे आकार घेत होते. एका ठिकाणी मोठे नृत्यगृह व एक प्रभावी नायक होता. दुसऱ्या ठिकाणी भाड्याचे सभागृह व पाच मुलांचा परस्परावलंबी मेळ होता. ध्यानात घ्यावयाची बाब ही, की 'मिस्टर मोटो' प्रमाणेच 'लेट्स गो ट्रिपिन' मध्येही स्प्रिंग रिव्हर्बचा घुमारा नाही.

घुमाऱ्याचा प्रश्न

फेंडर कंपनीने १९६१ मध्ये गिटारसाठी रिव्हर्बची स्वतंत्र पेटी बाजारात आणली. ज्या तत्त्वावर ती चाले, ते हॅमंड ऑर्गनमध्ये आधीपासून वापरात होते. गिटारचा विद्युत संकेत या पेटीतील स्प्रिंगच्या एका टोकाला कंप देतो. तो कंप स्प्रिंगमधून पुढे-मागे धावत दुसऱ्या टोकाला किंचित उशिरा आणि अनेक आवर्तनांत पोहोचतो. हा विलंबित नाद मूळ नादात मिसळला म्हणजे मोठ्या, रिकाम्या दालनात वाजविल्याचा भास होतो. तारा तळहाताने दाबून जोरात छेडल्यास यातून पाण्याचे थेंब उडाल्यासारखा विशिष्ट आवाज निघतो. १९६२-६३ च्या सुमारास हा नाद किनाऱ्यावरील वादकांत झपाट्याने पसरला आणि १९६३ मध्ये फेंडरने 'व्हायब्रोव्हर्ब' या अ‍ॅम्प्लिफायरमध्येच तो अंतर्भूत केला.

बेलएअर्सच्या दोन गिटारवादकांमध्ये मतभेद झाला तो याच ठिकाणी. बर्ट्रंड यांना नव्या नादाचे आकर्षण होते. जॉन्सन यांना तो नको होता. अखेरीस १९६३ मध्ये बर्ट्रंड बाहेर पडले आणि काही काळाने बेलएअर्सचे अस्तित्व संपुष्टात आले. मुलांच्या बँडमधील रुसवेफुगवे म्हणून हा प्रसंग सोडून देता येण्यासारखा आहे. तथापि वर वर्णिलेली वादनपद्धती ध्यानी घेतल्यास त्यामागे संगीतविषयक खरा पेच होता, असे दिसून येते.

घुमाऱ्यामुळे एकट्या गिटारचा स्वर भरीव होतो. एक वादक संपूर्ण सभागृह व्यापू शकतो आणि त्याचा प्रत्येक आघात नाट्यमय वाटतो. त्याच वेळी आघातांमधील मोकळी जागा भरून जाते. ज्या संगीतात दुसऱ्या गिटारने नेमक्या त्याच मोकळ्या जागेत बोलावयाचे असते, तेथे संवाद पुसट होतो. साथीची गिटार मग सुरावटीची बरोबरीची सोबतीण न राहता तिची पार्श्वभूमी बनते. बर्ट्रंड यांनी स्वीकारलेला मार्ग काळाच्या प्रवाहाशी सुसंगत होता व त्यातून उत्तम संगीत निर्माण झाले, हे मान्य करावयास हवे. जॉन्सन यांचा विरोध केवळ नव्या यंत्राविषयीचा संशय म्हणून पाहणेही तितकेच अपुरे ठरते. एका विशिष्ट रचनेत दोन वादकांना मिळणारे समान स्थान त्यांच्या दृष्टीने पणाला लागलेले होते, असे अनुमान करता येते.

फुटीनंतरची वाटचाल

बेलएअर्समधील वादक विविध बँडांत विखुरले. डेल्व्ही यांनी १९६२ मध्येच 'चॅलेंजर्स' हा बँड स्थापन केला होता. रॉबर्ट्स हेही त्यात होते. १९६३ मध्ये व्हॉल्ट कंपनीने प्रसिद्ध केलेली त्यांची 'सर्फबीट' ही दीर्घ तबकडी चांगलीच लोकप्रिय झाली. बर्ट्रंड यांनी 'एडी अँड द शोमेन' हा बँड काढला. त्याचे नाव फेंडरच्या 'शोमन' अ‍ॅम्प्लिफायरवरून घेतले होते. लिबर्टी कंपनीने त्याच्या तबकड्या काढल्या. डेल्व्ही यांच्यानंतर बेलएअर्समध्ये आलेले ड्रमवादक डिक डॉड याही बँडमध्ये होते. पुढे ते 'स्टँडेल्स' या बँडचे गायक-ड्रमवादक म्हणून १९६६ च्या 'डर्टी वॉटर' मुळे देशभर परिचित झाले.

एडी अँड द शोमेन यांची सर्वांत प्रसिद्ध रचना म्हणजे १९६३ मधील 'स्क्वाड कार'. घुमाऱ्याने ओथंबलेल्या सर्फ गिटारचा नमुना म्हणून ती आजही दाखविली जाते. ही रचना मात्र जॉन्सन यांची आहे. ज्या वादकाने घुमाऱ्याला नकार दिला त्याची रचना आणि ज्याने घुमारा स्वीकारला त्याचे वादन, यांच्या संयोगातून ती उभी राहिली. दोघांमधील संवाद बँड फुटल्यावरही पूर्णतः थांबला नव्हता, याचे हे बोलके उदाहरण होय.

१९६३ हे वर्ष या संगीताच्या भरभराटीचे ठरले. 'शांटेज' यांचे 'पाइपलाइन' राष्ट्रीय यादीत चौथ्या, तर 'सर्फारिस' यांचे 'वाइप आउट' दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत आले आणि गायनप्रधान बँडांची लाट उसळली. वाद्यप्रधान सर्फ संगीत त्यानंतर थोड्याच काळात मागे पडले.

प्रथमत्वाचा प्रश्न

बेलएअर्स विस्मृतीत का गेले, याची कारणे त्यांच्या वादनाच्या गुणवत्तेत शोधावी लागत नाहीत. बँड कार्यरत असताना त्यांची एकही दीर्घ तबकडी निघाली नाही. लहान कंपनीने काढलेल्या एकेरी तबकड्या बाजारातून लवकर नाहीशा होतात. दीर्घ तबकडी दुकानात व संग्रहांत टिकते. शिवाय त्यांच्या बँडला एक नायक नव्हता. 'किंग ऑफ द सर्फ गिटार' ही डेल यांची १९६३ मधील दीर्घ तबकडी शीर्षकातूनच नायकत्वाचा दावा करते. असा दावा वृत्तपत्रांना व पुढच्या इतिहासकारांनाही सोयीचा असतो. शालेय मुलांच्या आपसांतील मेळाची नोंद तितक्या सहज होत नाही.

याहून महत्त्वाचे कारण ऐकण्याच्या सवयीत आहे. डेल यांचे १९६२ मधील 'मिसिरलू' १९९४ च्या 'पल्प फिक्शन' या चित्रपटात वापरले गेले आणि सर्फ संगीताचे जगभर पुनरुज्जीवन झाले. नव्या पिढीच्या कानांत या संगीताचे जे रूप ठसले ते वेग, गर्जना आणि घुमारा यांचे होते. या कसोटीवर 'मिस्टर मोटो' ऐकल्यास ते अपूर्ण, पूर्वतयारीचे संगीत वाटते. परंतु १९६१ च्या रिडॉन्डो बीचमधील श्रोत्यांना त्यात काहीही उणे वाटत नव्हते. त्यांनी ते आपले संगीत म्हणून स्वीकारले होते.

कालक्रमाच्या आधारे बेलएअर्सना पहिला सर्फ बँड ठरविण्याचा प्रयत्न काही संगीतप्रेमी करतात, तर काही तो मान डेल यांना देतात. तबकडीची तारीख हा एक निकष, नृत्यगृहातील प्रत्यक्ष वादन हा दुसरा आणि 'सर्फ' हे नाव जाणीवपूर्वक स्वीकारणे हा तिसरा. निकष बदलला की उत्तर बदलते. म्हणून एकाच्या डोक्यावर मुकुट ठेवण्यापेक्षा १९६१ मध्ये दोन स्थळी घडलेली ही समांतर प्रक्रिया समजून घेणे अधिक फलदायी ठरते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती येतात. पहिली, वाद्यप्रधान सर्फ संगीताचा आरंभ एखाद्या उपकरणातून झाला नाही. किनाऱ्यावरील तरुणांचा समूह, भाड्याची सभागृहे आणि गायकाविना उभे राहू शकणारे बँड यांच्या एकत्र येण्यातून तो झाला. दुसरी, रिव्हर्बने या संगीताला ओळख दिली खरी, परंतु त्याच वेळी त्यातील एक शक्यता, म्हणजे दोन समान गिटारांच्या कोरड्या, नेमक्या गुंफणीची शक्यता, मागे पडली. तिसरी, नंतर प्रस्थापित झालेल्या लक्षणावरून आरंभ शोधू गेल्यास अशा मागे पडलेल्या शक्यता इतिहासात दिसेनाशा होतात.

बर्ट्रंड यांचे २०१२ मध्ये, तर डॉड यांचे २०१३ मध्ये निधन झाले. १९८० च्या दशकात व नंतर बेलएअर्सची जुनी ध्वनिमुद्रणे संकलित होऊन पुन्हा प्रसिद्ध झाली, त्यामुळे हा बँड आज अभ्यासकांना प्रत्यक्ष ऐकता येतो. जॉन्सन आणि बर्ट्रंड यांच्यातील मतभेद त्या ध्वनिमुद्रणांच्या आधारे तपासता येतो आणि त्यात दोघांचीही बाजू संगीताच्या अंगाने समर्थनीय आढळते. इतिहासात मात्र एकाच बाजूचा नाद सर्फ संगीताची व्याख्या बनला. 'मिस्टर मोटो' चे मोल या व्याख्येच्या आधी ते संगीत कसे होते याचा पुरावा म्हणून आहे आणि त्या दृष्टीने या लहानशा तबकडीचे स्थान मोठे आहे.